घनतेचा भाजक : न्यू टाउन आणि नवी मुंबई यांच्या नियोजनसंहिता

नगररचनाशास्त्रात 'घनता' ही संज्ञा वरकरणी निरुपद्रवी भासते. लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागावे आणि येणारा आकडा हेक्टरी माणसे किंवा एकरी घरे अशा स्वरूपात मांडावा, एवढेच तिचे व्याकरण. मात्र या भागाकारात भाज्य म्हणून कोणती माणसे धरावयाची आणि भाजक म्हणून कोणती जमीन, हा निर्णय गणिताच्या कक्षेत येत नाही. तो भागाकार मांडण्यापूर्वीच झालेला असतो आणि आकडा छापला गेला की तो दिसेनासा होतो. कोलकात्याच्या ईशान्येस, बिधाननगर आणि दमदमचा विमानतळ यांच्या दरम्यान, राजारहाट व भांगड या परिसरांतील गावांच्या शेतजमिनींवर १९९९पासून उभ्या राहिलेल्या 'न्यू टाउन' या उपनगराचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठी अभ्यासकाला त्याचे आणखी एका कारणासाठी अगत्य वाटावे. ठाणे खाडीच्या पूर्वेला १९७०पासून आकारास आलेल्या नवी मुंबईत हाच भागाकार वेगळ्या रीतीने मांडला गेला आणि पुढे तो मोडून पुन्हा मांडावा लागला.

नियोजन-आराखडा ही एक संहिता आहे. तिला निवेदक असतो, काळ असतो, पात्रेही असतात. आणि कोणत्याही कथनाप्रमाणे तिच्यातही काही पात्रांना नाव मिळते, तर काही पार्श्वभूमीत विरून जातात. आराखड्याचा काळ बहुधा भविष्यकाळ असतो आणि त्यातील नायक म्हणजे अजून न आलेला रहिवासी. जो आधीपासून तेथे आहे, तो वर्तमानकाळाचा असल्याने या कथनात अवघडल्यासारखा उभा राहतो.

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. मराठीत 'घनता' हा शास्त्रीय शब्द. रोजच्या बोलण्यात 'दाटी' आणि 'गर्दी' हे शब्द येतात. त्यांपैकी 'दाट' हा शब्द दुहेरी स्वभावाचा आहे. दाट सावली, दाट साय, दाट ओळख यांत तो सुखावह असतो. 'दाटीवाटी'त तो अडचण सांगतो. कंठ दाटून येतो तेव्हा तो भावनेचा होतो. बंगालीतही 'घन' या शब्दाला पावसाळी, गहिरी छटा आहे आणि 'घनत्व' हा जनगणनेचा शब्द आहे. पण कोंदट, गिचमिड वस्तीसाठी बंगाली बोलीत 'घिंजी' हा वेगळाच, तुच्छतादर्शक शब्द वापरला जातो. उत्तर कोलकात्याच्या गल्ल्यांचे वर्णन करताना तो सहज येतो. म्हणजे एकाच वस्तुस्थितीला दोन्ही भाषांनी दोन निरनिराळे शेजारी दिले आहेत : एका बाजूला ओळखीची ऊब आणि दुसऱ्या बाजूला कोंडमारा. विसाव्या शतकातील नियोजनाने यांपैकी फक्त दुसरा शेजारी ऐकला.

तो तसा का ऐकला गेला, याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८मध्ये मांडलेल्या उद्याननगराच्या कल्पनेत ६,००० एकर जमिनीवर ३२,००० माणसे होती. त्यांपैकी प्रत्यक्ष नगर १,००० एकरांचे आणि त्यात ३०,००० माणसे. उरलेले ५,००० एकर शेतीचे. नगराच्या हजार एकरांचाच हिशेब केला तर हेक्टरी पाऊणशेच्या आसपास माणसे भरतात. शेतीचा पट्टा धरला तर तीच घनता हेक्टरी १३ एवढी खाली येते. दोन्ही आकडे खरे आहेत. मात्र हॉवर्ड यांच्या विचारात शेतीचा पट्टा नगराचाच अवयव होता आणि शेतकरी हा नगराच्या लोकसंख्येत मोजला जाणारा माणूस होता, ही गोष्ट त्यांच्या अनुयायांपैकी अनेकांनी सोयीस्करपणे विसरली. रेमंड अन्विन यांनी १९१२मध्ये एकरी बारा घरांचा पुरस्कार केला आणि हा आकडा पुढे ब्रिटिश उपनगरांचा जवळजवळ मंत्रच होऊन बसला. उद्याननगर गेले, उद्यान-उपनगर राहिले. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस भारतात वावरत होते. १९१९मध्ये त्यांनी कोलकाता महापालिकेसाठी बडाबाजार परिसराच्या सुधारणेचा अहवाल लिहिला आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापन सुरू केले. जुनी वस्ती पाडून रुंद सरळ रस्ते काढण्याच्या सुधारणा-न्यासांच्या रीतीला त्यांचा विरोध होता. दाट वस्तीत नेमका कोठे छेद द्यावा आणि कोठे हात लावू नये, हे जागेवर जाऊन ठरवावे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही महानगरांना परिचित असलेला हा विचारवंत दोन्ही ठिकाणी आदराने उद्धृत झाला आणि दोन्ही ठिकाणी बाजूला ठेवला गेला.

स्वातंत्र्योत्तर कोलकात्याच्या संदर्भात घनतेचा प्रश्न फाळणीपासून वेगळा काढता येत नाही. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी शहराच्या कडेने वसाहती उभारल्या. बंगालीत निर्वासिताला 'उद्वास्तु' म्हणतात, म्हणजे वास्तूपासून उखडला गेलेला. सुनील गंगोपाध्याय यांच्या 'अर्जुन' या कादंबरीतील कॉलनी ही अशाच माणसांची. तेथील दाटी कोणी आखून दिलेली नाही. ती माणसांनी स्वतः उभी केलेली आणि म्हणून राखण्याजोगी आहे. शासनाच्या दृष्टीने मात्र ही वाढ म्हणजे समस्याच होती. मुख्यमंत्री बिधानचंद्र राय यांच्या काळात उत्तरेला कल्याणी हे नवे नगर वसविण्यात आले. पूर्वेकडील खाऱ्या तलावांचा प्रदेश हुगळीतील गाळाने भरून काढण्याचे काम १९६२मध्ये सुरू झाले आणि युगोस्लाव्हियाचे वास्तुरचनाकार दोब्रिवोये तोश्कोविच यांच्या आराखड्यानुसार तेथे सॉल्ट लेक, म्हणजे आजचे बिधाननगर, उभे राहिले. कोलकात्याची दाटी हलकी करणे हा त्यामागील घोषित हेतू. प्रत्यक्षात ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळालेल्या भूखंडांवर मध्यमवर्गाची टुमदार घरे आली. दाटी हलकी झाली ती या वर्गाच्या वाट्याची. शहराच्या दाट भागात राहणारा हमाल, छपाई-कामगार किंवा मोलकरीण तेथे राहावयास गेली नाही. गेली ती कामाला. हा अनुभव गाठीशी असताना न्यू टाउनची आखणी झाली, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

१९९९मध्ये, ज्योती बसू मुख्यमंत्री असताना, 'हिडको' या नावाने ओळखले जाणारे पश्चिम बंगालचे गृहनिर्माण पायाभूत सुविधा विकास महामंडळ स्थापन झाले. १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली सुमारे ३,००० हेक्टरांवर नवे नगर वसविण्याची योजना होती. तिची विभागणी 'अ‍ॅक्शन एरिया' अशा नावाच्या टप्प्यांत करण्यात आली. हे नाव बंगाली लिपीत लिहिले तरी इंग्रजीच राहते, आणि 'न्यू टाउन' या नावाबाबतही तेच म्हणता येईल. वसावयाच्या लोकसंख्येचे अंदाज वेळोवेळी बदलले. साडेसात लाख रहिवासी हा त्यांपैकी एक. पुढे दहा लाखांच्या आसपासचे आकडेही मांडले गेले. यांतील सर्वांत लहान आकडा घेतला तरी हेक्टरी २५० माणसे भरतात. २०११च्या जनगणनेत कोलकाता जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला सुमारे २४ हजार, म्हणजे हेक्टरी २४०च्या आसपास होती. तेव्हा ज्या शहराच्या दाटीवर उतारा म्हणून हे नगर आखले गेले, त्याच्याइतकीच दाटी या नगराच्या पायाभूत आकड्यात गृहीत होती. ही विसंगती नाही. यातूनच घनता या कल्पनेचे खरे स्वरूप उघड होते. दोन आकडे समान असले तरी एक दाटी चार मजल्यांच्या आत गल्ली, दुकान, रक आणि अंगण यांत विखुरलेली असते, तर दुसरी रुंद रस्ते व मोकळ्या जागा सोडून उंच इमारतींत रचून ठेवलेली असते. उत्तर कोलकात्यातील घराबाहेरच्या ज्या ओट्यावर गप्पांचा अड्डा बसतो, त्याला बंगालीत 'रक' म्हणतात. मराठीतील कट्ट्याचा तो सख्खा भाऊ. न्यू टाउनच्या आकड्यात उत्तर कोलकात्याइतकी माणसे आहेत, रक नाही.

येथे उंच दाटीच्या बाजूने जे म्हणता येते ते प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे, कारण न्यू टाउनवरील टीकेत ते बहुधा राहून जाते. या नगराच्या दक्षिणेला पूर्व कोलकाता पाणथळ प्रदेश पसरला आहे. शहराचे सांडपाणी तेथील मत्स्यतळ्यांत, म्हणजे स्थानिक भाषेतील 'भेडीं'त, सोडले जाते आणि त्यावर मासे, भात व भाजीपाला पिकतो. ध्रुवज्योती घोष यांनी या व्यवस्थेचे महत्त्व अभ्यासाने दाखवून दिले. १९९२मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने या प्रदेशातील जमिनीचा वापर बदलण्यास मज्जाव केला. २००२मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा टापू रामसर करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशांच्या यादीत गेला आणि २००६मध्ये राज्याने त्याच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. अशा ठिकाणी विरळ उपनगराचा आग्रह धरणे म्हणजे आणखी जमीन मागणे. सॉल्ट लेकच्या धर्तीवर बंगले बांधून साडेसात लाख माणसे वसवावयाची झाली, तर कित्येक पटींनी भूमी लागली असती आणि ती भात व मासे यांच्याच वाट्याची असती. म्हणजे दाट बांधणी हे निसर्गावरील आक्रमण थोपविण्याचे साधनही असू शकते. उपनगरीय नियोजनातील कूट नेमके हेच आहे : विरळपणा रहिवाशाला सुखद, पण कडेच्या शेतकऱ्याला आणि तळ्याला महाग, दाटपणा कडेला स्वस्त, पण आतल्या माणसाला कोंडणारा. या दोहोंचा तोल साधण्याचे काम नियमावलीकडे सोपविले जाते.

नियमावलीचे हत्यार म्हणजे पश्चिम बंगालमधील 'एफएआर' आणि महाराष्ट्रातील 'चटई क्षेत्र निर्देशांक'. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, एवढेच हे प्रमाण सांगते. ते माणसांविषयी काहीच सांगत नाही. एक हजार चौरस मीटर भूखंडावर दोनचा निर्देशांक मिळाला तर दोन हजार चौरस मीटर बांधकाम होईल; माणशी १० चौरस मीटर जागा असेल तर त्यात २०० माणसे राहतील, माणशी ४० असेल तर फक्त ५०. इमारत तीच, रस्ता तोच. दाटी मात्र चौपट. नवी मुंबईच्या मूळ कल्पनेचे एक जनक शिरीष पटेल यांनी आपल्या नंतरच्या लेखनात या गल्लतीवर सातत्याने बोट ठेवले. घरातील दाटी, रस्त्यावरील दाटी, उद्यानातील दाटी आणि शाळा-रुग्णालयांवरील दाटी या वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. न्यू टाउनमध्ये या भेदाचा प्रत्यय ठळकपणे येतो. एकीकडे पहिल्या टप्प्यातील काठ्यांत मोजलेले वैयक्तिक भूखंड (एक काठा म्हणजे ७२० चौरस फूट) आणि खाजगी विकासकांचे प्रशस्त सदनिकांचे संकुल. दुसरीकडे तिसऱ्या टप्प्यातील, शापूरजी पालनजी समूहाने उभारलेली 'सुखोबृष्टी' ही अल्प उत्पन्न गटांसाठीची वसाहत. सुमारे १५० एकरांवर सुमारे २० हजार घरे अशी तिची योजना. कुटुंबात चार माणसे धरली तर तेथील घनता हेक्टरी तेराशेच्या वर जाते, म्हणजे नगराच्या सरासरीच्या पाचपटींहून अधिक. सरासरी तोललेली दिसते, कारण एका पारड्यातील विरळपणाची भरपाई दुसऱ्या पारड्यातील दाटीने झालेली असते. त्यातच अनेक सदनिका गुंतवणूक म्हणून घेतल्या गेल्या आणि वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. नियोजनाच्या कागदावर तेथे माणसे आहेत, रात्री खिडक्यांत दिवा नाही. न राहणाऱ्या माणसाचीही घनता मोजता येते, हा या शास्त्राचा एक विलक्षण गुण म्हणावा लागेल.

दाटीची ही वाटणी केवळ रचनाकाराच्या अभिरुचीतून आली नाही. हिडकोने जमीन घेऊन, रस्ते-गटारे करून, विकसित भूखंड विकावयाचे आणि त्या पैशातून पुढची कामे करावयाची, अशी आर्थिक चौकट होती. सिडकोनेही जमीन हेच भांडवल मानले होते. अशा चौकटीत कोणत्या भूखंडाला किती बांधकाम हा प्रश्न मुख्यतः महसुलाचा होतो. २००९च्या इमारत-नियमांनी आणि पुढे हरित इमारतींना दिलेल्या वाढीव एफएआरने हे गणित अधिक नेटके केले, मूळ तर्क बदलला नाही.

आता भागाकारातून गळालेल्या माणसांकडे वळावयास हवे. बंगालच्या भूमी-अभिलेखात जमिनीला वर्ग असतात : भातशेतीची 'शालि', उंचवट्याची 'डाङा', 'पुकुर' म्हणजे तळे आणि घराखालची 'वास्तु'. संपादन करताना दाट वस्तीची वास्तु-जमीन शक्यतो वगळून शालि, डाङा आणि पाण्याखालच्या जमिनी घेण्याकडे कल होता. घरे पाडली नाहीत, ही बाब शासनाच्या बाजूने आवर्जून सांगितली गेली आणि ती बव्हंशी खरीही आहे. पण तिचा परिणाम काय झाला? घुनी, यात्रागाछी, सुलंगुरी, ठाकदाडी, महिषबाथान, कदमपुकुर, चाप्ना, पाथरघाटा ही गावे रुंद रस्त्यांच्या जाळ्यात बेटांसारखी उरली. गावाची घनता मोजताना पूर्वी भाजकात त्याची शेती, तळी, वाटा, गुरचरण हे सर्व येत असे. तो भाजक काढून घेतला गेला आणि भाज्य तसेच राहिले. कामाच्या शोधात आलेल्या भाडेकरूंमुळे ते वाढलेही. कुणी विटेला हात न लावता गाव दाट झाले. मग हेच गाव नगराच्या नकाशावर 'अनियोजित' म्हणून ओळखले जाऊ लागले.

गावांची ही नावे वाचण्यासारखी आहेत. घुनी म्हणजे मासे धरण्याचा बांबूचा सापळा. महिषबाथान म्हणजे म्हशींचा गोठ-मळा, कदमपुकुर म्हणजे कदंबाच्या झाडाचे तळे. प्रत्येक नावात त्या जमिनीचा वापर नोंदलेला आहे. खरे तर हा जुना भू-वापर आराखडाच होय. महिषबाथानला आणखीही एक इतिहास आहे. १९३०च्या सविनय कायदेभंगात सतीशचंद्र दासगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली येथे मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील उरण तालुक्यात चिरनेरचा जंगल सत्याग्रह झाला. दोन महानगरांच्या पाणथळ कडेवरील शेतकऱ्यांनी एकाच वर्षी जमिनीच्या व निसर्गाच्या वापरावरील हक्क सांगितला होता. पुढील आराखड्यांनी या प्रदेशांना जवळजवळ कोरा कागद मानले.

नवी मुंबईची कथा येथपर्यंत समांतर जाते. १९६५मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडील जुळ्या नगराची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र, ९५ गावे आणि २० लाख लोकसंख्येचे लक्ष्य. सबंध क्षेत्राने भागले तर हेक्टरी ६०सुद्धा माणसे भरत नाहीत; पण त्यात डोंगर, खाडी आणि खाजणही आले, हे विसरता कामा नये. कोरिया यांनी बेलापूर येथे १९८०च्या दशकात उभारलेल्या आर्टिस्ट्स व्हिलेजचा उल्लेख येथे अपरिहार्य ठरतो. सुमारे ६ हेक्टरांवर सुमारे ५५० कुटुंबे, भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरांचे, घरे बैठी किंवा एकमजली, प्रत्येक घर स्वतंत्र भिंतींचे आणि घरांच्या गटांमध्ये सामाईक अंगण. घनता हेक्टरी सुमारे ५००. उंच इमारतीशिवाय दाटी साधता येते आणि गरीब-श्रीमंत यांच्या भूखंडांत पाच-दहा पटींचे अंतर नसले तरी चालते, हे तेथे बांधून दाखविले गेले. पुढे अनेक मालकांनी मूळ घरे पाडून उंच बांधकामे केली, त्यामुळे मूळ कल्पना फसली असे काहींना वाटते. घर वाढविता यावे हाच तर त्या रचनेचा हेतू होता. तेव्हा हे अपयश कितपत म्हणावे, याचा विचार व्हावा.

परंतु आर्टिस्ट्स व्हिलेज हा अपवाद होता. ९५ गावांतील आगरी, कोळी आणि कुळवाडी कुटुंबांच्या दृष्टीने सिडकोचा भागाकार हिडकोच्या भागाकारासारखाच होता : शेत, मिठागर आणि खाजण नगराच्या भाजकात गेले, गावठाण तेवढे मागे राहिले. फरक पडला तो पुढे. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण परिसरात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्याच्या दबावातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ खातेदाराला परत देण्याचे तत्त्व १९९०मध्ये स्वीकारले गेले. १९९४मध्ये त्यात सुधारणा झाल्या. या भूखंडांना दीडचा चटई निर्देशांक देण्यात आला. नियोजनाच्या भाषेत बोलावयाचे तर गावकरी प्रथमच नगराच्या भाजकात शिरला. गेला तो शेतकरी म्हणून नव्हे, भूखंडधारक म्हणून. आणि बऱ्याच ठिकाणी बिल्डरशी करार करून तो लवकरच त्यातून बाहेरही पडला. गावठाणात मात्र वाढत्या कुटुंबांनी परवानगीची वाट न पाहता मजले चढविले. आज घणसोली, करावे, तुर्भे, दिवाळे या गावांतील दाटी सिडकोच्या कोणत्याही सेक्टरपेक्षा वेगळी जाणवते. गरजेपोटी बांधलेली ही घरे नियमित करण्याचा प्रश्न त्यानंतर जवळजवळ प्रत्येक शासनापुढे आला. राजारहाटमध्ये अशी टक्केवारी मिळाली नाही. तेथे जमीन गमावलेल्यांच्या हाती आले ते नव्या बांधकामांना वाळू, खडी व विटा पुरविण्याच्या सहकारी गटांचे काम. हे गट 'सिंडिकेट' या नावाने ओळखले जाऊ लागले आणि काही वर्षांतच तो शब्द बंगाली राजकीय बोलीत जबरदस्तीच्या पुरवठ्याचा पर्याय झाला. साडेबारा टक्के आणि सिंडिकेट ही एकाच रिकाम्या जागेत उगवलेली दोन झाडे आहेत. शेतकऱ्याला नगरात जमिनीचा वाटा मिळाला तर तो बिल्डरशी करार करतो. तो न मिळाला तर तो बिल्डरच्या दारात उभा राहतो.

दोन्ही भाषांनी या माणसासाठी घडविलेले शब्दही वेगळे आहेत. बंगालीत तो 'जमिहारा', ज्याची जमीन हरपली असा. या शब्दात हानी आहे, हानी करणारा नाही. मराठीत तो 'प्रकल्पग्रस्त'. ग्रहणाने चंद्र ग्रासावा तसा प्रकल्पाने ग्रासलेला. येथे कर्ता स्पष्ट आहे. म्हणून 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द मोर्चाच्या फलकावर, शासन-निर्णयात आणि दाखल्यावर सारख्याच सहजतेने वावरतो. त्या दाखल्यामुळे नोकरी वा भूखंड मागता येतो. शब्दाच्या घडणीने इतिहास घडतो असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. तथापि ज्या समाजाने ग्रासणाऱ्याचे नाव शब्दातच गोवले, तेथे परताव्याची मागणी अधिक नेमकी झाली, इतके निरीक्षण नोंदविण्यास हरकत नसावी.

आणखी एक शब्द दोन्ही भाषांचा सामाईक आहे. संस्कृत 'पाटक' या एकाच मुळापासून मराठी 'पाडा' आणि बंगाली 'पाड़ा' आले. मराठीत पाडा म्हणजे गावाबाहेरची लहान वस्ती. सानपाडा या नावात तो आजही रेल्वे स्थानकाच्या फलकावर आहे. बंगालीत पाड़ा शहराच्या मध्यभागी शिरला आणि कोलकात्याच्या सामाजिक जीवनाचा मूळ घटक झाला : पाड़ाची पूजा, पाड़ाचा क्लब, पाड़ाची मुले. पाड़ाला सीमा नसते, ओळख असते. ही ओळख ठरावीक दाटीशिवाय निर्माण होत नाही. मराठीत हे काम चाळीने केले. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मधील विनोद पातळ भिंती आणि सामाईक गॅलरी यांवाचून अशक्य होता. दाटी हीच तेथे कथनाची पूर्वअट आहे. न्यू टाउनमध्ये पाड़ाची जागा एए, एबी, सीई अशा अक्षरजोड्यांच्या ब्लॉकांनी आणि संकुलांच्या इंग्रजी नावांनी घेतली. नवी मुंबईत 'नोड' आणि 'सेक्टर' आले. दोन्ही ठिकाणी दुर्गापूजेचे मांडव आणि गणेशोत्सव मंडळे सेक्टरच्या क्रमांकाखाली उभी राहतात व क्रमांकाला हळूहळू ओळख चिकटू लागते. याला मात्र नियोजनात तरतूद नव्हती.

२०११च्या सत्तांतरानंतर पश्चिम बंगालच्या नव्या शासनाने सक्तीचे भूसंपादन न करण्याचे धोरण स्वीकारले. न्यू टाउनच्या नकाशावर जेथे संपादन झाले नव्हते, तेथे रस्ता अडतो, वळतो किंवा शेताच्या कडेला थांबतो. २०१०मध्ये ज्योती बसू यांच्या निधनानंतर डाव्या आघाडीच्या शासनाने नगराला त्यांचे नाव देण्याचे ठरविले होते, तेही मागे पडले. नगराचा कारभार २००७च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या न्यू टाउन कोलकाता विकास प्राधिकरणाकडे आहे. हे लोकनियुक्त मंडळ नव्हे. २०१६मध्ये स्मार्ट सिटी म्हणून निवड झालेल्या या नगरातील उंच इमारतींचे रहिवासी २०१३, २०१८ आणि २०२३च्या निवडणुकांत ज्यांड़ा-हातियाड़ा किंवा पाथरघाटा या ग्रामपंचायतींचे मतदार होते. नवी मुंबईत १९९२पासून महानगरपालिका आहे आणि तिच्या हद्दीतील गावकरी तिचे मतदार आहेत. २०२१च्या जूनमध्ये तेथे हजारो लोक रस्त्यावर उतरले, ते नव्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून. न्यू टाउनच्या मतदारयादीत उंच इमारतीतला माणूस आणि घुनीचा माणूस एकाच पंचायतीत शेजारी-शेजारी येतात. आराखड्यात त्यांना एकाच भाज्यात कधी धरलेले नव्हते.